लाल चिंधीच्या आतले दगड

पांढुर्णा
२ ऑगस्ट १९८५

चि. मोरेश्वरराव,

आधी आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. तो मी शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

अधिक महिना चालू आहे. जावयाला बोलवावं, अनारसे वाढावे, वाण द्यावं, म्हणून मी तांदूळ भिजत घातले होते. भोपाळहून येणं जमत नाही असं तुम्ही कळवलं. म्हटलं जाऊ द्या, निदान सावरगावला तुमच्या बाबांकडे डबा पोचवू. काल डबा घेऊन पूल ओलांडला. सावरगावच्या काठावर दगडांचा ढीग पडलेला. त्यात नवल नाही. पोळ्याचे दिवस जवळ आले की नदीच्या दोन्ही काठी दगड जमतातच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यानं सावरगाववर अन् सावरगावनं पांढुर्ण्यावर दगड मारायचे, नदीत रोवलेल्या झाडाच्या झेंड्यासाठी भांडायचं, ही गोटमार तुम्हाला मी काय सांगावी? तुमच्या भुवईवरची खूण तिथलीच आहे, आमच्या मोहल्ल्यातल्या चिंधूनं दिलेली.

पण ते नदीचे दगड नव्हते. फोडलेल्या फरशीचे तुकडे होते. सकाळी सर येऊन गेली होती, वर ऊन पडलं होतं, आणि ढिगातून वास उठत होता.

तो वास मला कोणी शिकवायला नको. नलूचे बाबा फवारणीच्या औषधाच्या कारखान्यात जन्मभर पोती शिवत होते. तो वास अंगावर घेऊन घरी यायचे, शेवटी तोच घेऊन गेले. मग कारखाना बंद पडला, मालक इंदूरला की कुठं निघून गेला, आणि वास आमच्या मोहल्ल्याला आंदण देऊन गेला. त्या आवारात गवत उगवत नाही. शिरलेली कोंबडी परतत नाही.

मागच्या थंडीत भोपाळचं झालं तेव्हा सरकारला घाम फुटला. योजना निघाली, आणि तिचे साहेब म्हणून आले कोण, तर आमचेच जावई! काय मिरवले मी, बाप्पा. मोहल्ल्यातल्याच लोकांना शिकवायचं, त्यांच्याच हातांनी जागा साफ करायची, मग अशा जागा जिथं असतील तिथं त्यांना काम मिळेल, असं तुम्ही म्हणाले. बायांचे नवरे त्यांना पाठवेनात, तेव्हा मी म्हातारी पहिल्या ओळीत जाऊन बसले. मी बसले म्हणून शेजारची गुणवंताबाई आली, ती आली म्हणून बाकीच्या आल्या.

आणि तुम्ही शिकवलं चांगलं. रागात असले तरी खोटं लिहिणार नाही. माती आधी ओली करायची, मग खणायची, धूळ उडू द्यायची नाही. हातमोजे काढताना उलटे काढायचे. जेवणाआधी कोपरापर्यंत साबण. जिथं औषध मुरलं आहे त्याच्या भोवती लाल चिंधी बांधायची, आणि लाल चिंधीच्या आत उघड्या हातानं कोणी जायचं नाही. "इथला खडासुद्धा बाहेर जाणार नाही," हे तुमचं वाक्य. सगळा माल आवारातच, पक्का खड्डा करून, आत अस्तर घालून पुरायचा. खड्ड्याचा धडा सगळ्यात शेवटी, असं म्हणाले होते.

तो धडा आला नाही. आले मोठे साहेब, हार, फोटोवाला. आम्हाला प्रमाणपत्रं, तुम्हाला बढती. दुसऱ्या दिवशी तुम्ही नलूला घेऊन भोपाळच्या गाडीत बसले.

त्याच फोटोच्या दिवशी भैय्याजी ठेकेदाराचे ट्रॅक्टर मागच्या फाटकातून भरून निघत होते. चिंधूनं तुम्हाला विचारलं होतं, "साहेब, हे कुठी चालले जी?" तुम्ही म्हणाले, "तुझं काम झालं ना? मग फोटोत उभा राहा." तो राहिला उभा. आम्हीही राहिलो. फरशीचे तुकडे नदीकडे चालले म्हटल्यावर आमच्या मनात काय यावं? या दिवसांत दगड नदीवरच जातात. सावरगाववाल्यांना वाटलं, यंदा घरपोच आले.

आता कळलं. भैय्याजीला सांगा, मोठ्या साहेबाला सांगा, स्वतः या, काय वाटेल ते करा, पण तो ढीग उचलायला लावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते दगड उघड्या हातांत जाणार, आणि तिथून फुटलेल्या डोक्यांत.

राग उतरला नाही. आशीर्वाद नलूला.

अंबाबाई


पांढुर्णा
१३ ऑगस्ट १९८५

चि. मोरेश्वरराव,

तुमचं आंतरदेशीय मिळालं. एवढा मोठा कागद अन् त्यावर दोन ओळी. "आई, पाऊस पडला की सगळं धुऊन जाईल. आपण या भानगडीत पडू नये."

धुऊन जाईल, मान्य. जाईल कुठं? जाम नदीत. नदीला खेटून खाली तुमच्याच बाबांचा संत्र्याचा बगीचा, त्यात त्यांची विहीर. मी शाळेत गेले नाही, किराण्याच्या पुड्यांचे कागद जुळवून वाचायला शिकले. पाणी उताराकडे जातं हे कुठल्या पुडीवर लिहिलेलं नव्हतं, तरी मला ठाऊक आहे. तुम्ही तर मोठाली पुस्तकं वाचली.

आणि भानगडीत पडू नये? मला पाडलं कोणी? आधी आमच्यासाठी ती नुसती घाण होती. ती अंगात कशी शिरते, नखातून, श्वासातून, भाकरीच्या घासातून, हे तुम्ही फळ्यावर चित्र काढून दाखवलं. डोळे उघडून दिले, आणि आता म्हणता झाकून घ्या. डोळे म्हणजे काय पेटीचं झाकण आहे?

आता ऐका इकडची गंमत. तुम्ही काही करत नाही म्हणून मी, गुणवंताबाई आणि चिंधू जाऊन ढिगाभोवती लाल चिंध्या बांधून आलो. जसं शिकवलं तसं. म्हटलं, लोक लांब राहतील. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर ढिगावर कुंकू, उदबत्ती, नारळाच्या शेंड्या! सावरगावच्या बायांना वाटलं, चंडीमातेच्या नावानं कोणी दगड बांधून ठेवले. एक बाई खोबरं वाटत होती. मला म्हणते, "घ्या न माय, परसाद घ्या." नारळ त्याच दगडावर फोडलेला! मी तिच्या हातातलं खोबरं ओढलं अन् नदीत फेकलं. त्यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. माझ्या सासूच्यानंसुद्धा इतकं झालं नव्हतं.

चिंधू हसून हसून बेजार. म्हणे, "काकू, आता दगड हलवले त चोरीच नाही, देवीचा कोप बी आपल्याच माथ्यावर." मला हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण घरी येऊन, आणि मग रडूही आलं.

तुमची लाल चिंधी आमच्या मोहल्ल्यात मरण सांगते, नदी ओलांडली की तिला हळदकुंकू लागतं. दोन्ही काठांना समजावू शकेल असा एकच माणूस आहे. जन्मला सावरगावात, शिकवून गेला पांढुर्ण्यात. तो भोपाळला पंख्याखाली बसला आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्या आजीची. ती तुमच्यावर वापरावी लागेल असं लग्नात वाटलं नव्हतं.

हे पत्र नलूला वाचून दाखवा. पहिलं तुम्ही दाखवलं नाही. तिच्या पत्रात अनारशांची चौकशी आहे, दगडांचं अवाक्षर नाही.

अंबाबाई


पांढुर्णा
२८ ऑगस्ट १९८५

चि. मोरेश्वरराव,

काल पदर खोचून तुमच्या बाबांकडे गेले. पुंडलिकराव ओसरीवर गोफण वळत बसले होते. पोळा दोन-अडीच आठवड्यांवर, म्हणजे त्यांच्या अंगात आलेलंच असतं.

"या विहीणबाई. पांढुर्णा हारलं म्हून सांगाले आल्या का?"

मी सगळं सांगितलं. कारखान्याची फरशी, त्यात मुरलेलं औषध, ट्रॅक्टर, सगळं. तुमचं नाव तेवढं टाळलं. व्याही माणूस ऐकत गेला, गोफण वळत गेला. मग म्हणाला, "म्हंजे आमचे दगड तुमी उचलून नेसान. मंग आमी पोळ्याच्या पाडव्याले माराचं कायनं? संत्र्यानं?"

समोरची पोट्टी खी खी करून हसली.

"व्याहीबुवा, इख हाय त्याच्यात."

"तुमच्या काठावरून जे आलं त्याच्यात इखच असते. पोरगा तुमच्याकडे देला, तो बी हातचा गेला."

"पोरगा आम्ही नाही नेला, सरकारनं नेला."

"एकच हाय. पांढुर्ण्याची खोड जुनी हाय बाई. माह्या आज्याच्या वक्ती बी गोटमारीच्या आधी आमचे दगड लंपास केले होते तुमच्या लोकायनं. आता बाया धाडून राहिले. शरम नाही."

मग माझाही तोल गेला. "अहो, आमाले काय सपन पडलं का इख हाय म्हून? तुमच्या मोरेश्वरनंच शिकवलं!"

तिथं त्यांचा हात थांबला. गोफणीची दोरी तशीच बोटाला गुंडाळलेली राहिली. मग म्हणाले, "त्यानं शिकवलं, त त्यानं येऊन सांगावं. माह्या उंबरठ्यात उभं राहून सांगू दे एकडाव. एक दगड ठेवत नाही मी मंग. पांढुर्ण्याच्या सांगण्यावर सावरगावचा दगड हलणार नाही."

ऐकलं? बगीचा सोडून नोकरी धरली म्हणून बापलेकांचं बोलणं बंद, हे मला माहीत आहे. दोघांचीही मान एकाच ताठ खांबातून कोरलेली. पण या वेळी बाप वाकला आहे. पोरानं यावं असं त्यांनी म्हटलं, माझ्यासारख्या पांढुर्ण्याच्या बाईसमोर म्हटलं. तुम्ही फक्त उंबरठ्यात उभं राहायचं आहे. तेवढंही ज्याला जमत नाही त्यानं दुसऱ्यांना काय शिकवावं?

भैय्याजी दारावरून गेला काल, मोटारसायकलवर. मला पाहून म्हणतो, "काय मावशी, आता कसं वाटतंय मोहल्ल्यात? साफ झालं ना सगळं?" मी म्हटलं, "हो, पोळी आमच्या ताटातून काढून व्याह्याच्या ताटात वाढली, ताट साफ झालं." तो हसत निघून गेला. त्याला वाटलं मी तारीफ केली.

अंबाबाई


पांढुर्णा
७ सप्टेंबर १९८५

चि. मोरेश्वरराव,

अक्षर वाकडं आलं आहे, लक्ष देऊ नका. अनारसे तळताना हातावर तेल उडालं.

तुमचं उत्तर नाही. नलूचंही नाही. बरं.

परवा आम्ही पहाटे ढीग उचलायला गेलो होतो. थोडासा, नारळ फोडला होता तेवढा तरी. सावरगावच्या पोट्ट्यांनी पाहिलं. थैल्या उलट्या केल्या, हातमोजे काढून घेतले आणि नदीत भिरकावले. पोलिसात नेऊ म्हणाले. "चोट्टे पांढुर्णेवाले" म्हणाले. तुमच्या अर्ध्या वयाची असतील, आणि त्यांची चूक काय? आपल्या गावची लाज राखत होती बिचारी. मला त्यांचा राग आला नाही. मला ज्याचा राग आला त्याला मी पत्र लिहून राहिले.

घरी येताना गुणवंताबाई म्हणाली, "काकू, त्यायले वाटते आपण त्यायचे दगड कमी करून राहिलो. आपण आपले दगड देले त?"

रात्री मोहल्ल्यातल्या माणसांना जमवलं. आपल्या काठावरचे सगळे चांगले दगड सावरगावला पोचवायचे, आणि बदल्यात तो ढीग घ्यायचा. असं मी सांगितलं. चिंधूनं डोक्यावरची टोपी काढली.

"म्हंजे माह्या टाळक्यात बसाले दगड मीच नेऊन देऊ?"

"हो."

"माह्या हातानं?"

"आधी धुऊन. मग नेऊन दे."

"काकू, असं जगात कोणी केलं नाही."

मी म्हटलं, "जगात गोटमार तरी कुठं होते, चिंधू?"

हसले सगळे, पण हो कोणी म्हटलं नाही. आपल्या काठावर शत्रूला हत्यार द्यायचं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नाकावर पाय. आणि दिले तरी सावरगाव घेईल का? तेही म्हणतील, ह्यात काहीतरी मेख आहे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

आठवडा उरला आहे. गाडी रोज आहे. या.

अंबाबाई


पांढुर्णा
१८ सप्टेंबर १९८५

चि. मोरेश्वरराव,

अक्षर ओळखलं असेल. मी सांगून राहिले, नलू लिहून राहिली. माझ्या दोन्ही हातांना फडकी बांधली आहेत.

पोळ्याच्या आधी माहेरी जाते म्हणून ती निघाली, तेव्हा तुम्ही तिला पिशवी भरून दिली, गाडीत बसवून दिलं, आणि तरी मीही येतो असं म्हटलं नाही. ती घरात शिरली, माझे हात पाहिले, म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं अनारसे तळताना तेल उडालं. ती म्हणाली, "आई, अधिक महिना कधीच संपला. अनारसे कोणासाठी तळत होतीस?"

मग सांगावं लागलं. मोजे नदीत गेल्यावर, ओतलेले तुकडे मी तशाच हातांनी परत थैलीत भरत बसले होते. पहिल्याच दिवशी शिकवलेलं, आणि तेच विसरले. राग असा असतो, शिकलेलं आधी खातो. डॉक्टर म्हणतात कातडी येईल. येईल तेव्हा येईल.

नलूनं तुमची सगळी बाजू मला सांगितली. भैय्याजीचा मेव्हणा तुमच्या वरच्या साहेबाकडे बसतो, बोललात तर नोकरी जाते. असेल. मी समजून घेतलं. समजून घेतल्यावर राग कमी होतो म्हणतात, माझा वाढला. कारण तुम्ही वाईट असते तर मी तुमचं नाव टाकून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी ती उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि सावरगावला गेली. मी मागं. पुंडलिकराव बैलांच्या शिंगांना रंग लावत होते. ती आत गेली नाही. उंबरठ्यात उभी राहिली.

"मामंजी, ते येणार नाहीत. मी आले."

ते शिंग रंगवतच राहिले.

"ते दगड विषारी आहेत. त्यांना माहीत आहे. माझ्या पोटात तुमचं नातवंड आहे, त्याची शपथ."

मलाही तेव्हाच कळलं. तिनं मलाही सांगितलं नव्हतं. उभ्या जागी मला दाराची चौकट धरावी लागली, आणि हात असे ओरडले की डोळ्यांत पाणीच आलं. ते कशाचं, हे आता कोणी विचारू नये.

पुंडलिकरावांनी रंगाची वाटी खाली ठेवली. म्हणाले, "पोराले पाठवाचं होतं, त सुनेले पाठवलं. बरं." मग मला म्हणाले, "विहीणबाई, तुमी आमाले दगड देता म्हून आयकलं, खरं का?"

"खरं."

"धुतलेले?"

"धुतलेले."

"मंग आमच्या लोकायले मी सांगतो. पण एक अट. आमचे लोक बी उचलतीन. सावरगावचं इख पांढुर्ण्याच्या बायायनं उचलावं, आमी काय मेलो?"

मग काय सांगू! गुणवंताबाईनं सावरगावच्या माणसांना नदीकाठी उभं करून शिकवलं. आधी पाणी मारा, मग हात लावा, मोजे उलटे काढा. मोठाले मिशाळ गडी हात पुढे करून उभे, जसे बालवाडीत नखं दाखवतात. मोजे कमी पडले तर प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीनं बांधल्या. ज्या बाईचं खोबरं मी फेकलं होतं, तिनं ढिगावरचं कुंकू स्वतः पुसलं आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी आणून दिली.

आणि सावरगाव घेतं म्हटल्यावर इकडून चिंधूही तयार झाला, बैलगाडीत आमचे दगड भरून पुलावरून जात होता. पांढुर्ण्याची म्हातारी माणसं तोंड फिरवून उभी होती. कोणी थुंकलंही. चिंधू एकेका दगडाला हातात घेऊन बघायचा, म्हणायचा, "हा मारजा बरं, पण हळू."

गोटमार झाली. चिंधूच्या डोक्याला टाके पडले आहेत. म्हणतो, दगड ओळखीचा होता. तो हसला की टाके दुखतात, म्हणून आम्ही त्याला हसवून राहिलो.

आता मुद्द्याचं. भरलेल्या थैल्या सगळ्या कारखान्याच्या आवारात आणून ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत. भोवती लाल चिंध्या. दोन्ही गावची पोरं आळीपाळीनं राखण करतात. खड्डा खणायला घेतला आहे. पण अस्तर कसं घालायचं, सांधा कसा भरायचा, वरून काय झाकायचं, हे आम्हाला येत नाही. तो शेवटचा धडा तुम्ही दिला नाही. आम्ही अंदाजानं करणार नाही, अंदाजानं केलेल्या कामाचं काय होतं ते आम्ही पाहिलं.

वर्गाच्या कपाटात तुमचे हातमोजे सापडले. पुडक्यात घडीसकट, आतली पावडरसुद्धा तशीच. एकदाही घातलेले नाहीत. हे पाहून मला जितकं लागलं तितकं हातांना लागलं नाही. मी ते फेकणार होते. पुंडलिकराव म्हणाले, "राहू द्या. पोराचं माप हाय."

या वेळी पाट मांडणार नाही, वाण देणार नाही, तुम्हाला जावईबापू म्हणणार नाही. फावडं ठेवलं आहे. आशीर्वाद हवा असेल तर खड्ड्यात उतरून घ्या, मी काठावर उभी राहून देईन.

अंबाबाई

ता. क. हे माझं आहे, आईनं सांगितलेलं नाही. गाडी दुपारी पोचते. स्टेशनावर घ्यायला कोणी येणार नाही. घरी जाऊ नका, सावरगावलाही नको. सरळ कारखान्यात या. तुमचे बाबा तिथंच बसलेले असतात.

नलिनी